डाग आहे तोवर

माझ्या मुलीच्या उष्टावणाला मी बेडरूममध्ये दार लोटून बसले होते. बाहेर माझा भाऊ तिला चांदीच्या वाटीतली खीर भरवत होता, ती थुंकत होती आणि सगळे हसत होते. पाळीचा नववा दिवस होता, तरी डाग थांबत नव्हता. सासूबाईंनी त्याच दिवशी नियम करून टाकला की डाग दिसतोय तोवर देवाजवळ यायचं नाही. आता मुलगी शाळेत जाते. मी ते विसरलेले नाही आणि विसरायचा विचारही नाही.

सिझेरियनच्या आधी माझी पाळी चार दिवसांत आटपायची. नंतर ती बारा दिवस चालायला लागली. पहिले चार नेहमीसारखे, मग जुन्या रक्ताचं तपकिरी पाणी, थेंब थेंब. सिझेरियन केलं होतं सासूबाईंच्या मावसभावानं, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या मामांनी. दर वेळी ते पोटावरून सोनोग्राफी करायचे, "हार्मोन्स आहेत, होतं असं," म्हणायचे आणि गोळ्या लिहून द्यायचे. तीन वर्षं त्याच गोळ्या. दुसऱ्या डॉक्टरांचं नाव काढलं की नवरा म्हणायचा, "यार, मामाला काय वाटेल?" सासूबाई म्हणायच्या, "आपलेच दात आणि आपलेच ओठ. बोभाटा कशाला?" रक्त माझं जात होतं आणि घराला काळजी मामांच्या नाकाची होती.

शेवटी ऑफिस सुटल्यावर कुणाला न सांगता घाटकोपरला एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी आतून सोनोग्राफी केली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. गर्भाशयावर जिथे टाके होते तिथे आतून खळगा पडला होता. पाळीचं रक्त त्यात साचायचं आणि मग दिवसेंदिवस झिरपत राहायचं.

"यात कुणाची चूक असेलच असं नाही, जखम कधीकधी अशी भरते," त्या म्हणाल्या. "पण आतून एकदा बघायला हवं होतं ना."

दुर्बिणीनं खळग्याच्या कडा सपाट करता येतील, त्याच संध्याकाळी घरी जाता येईल, असं त्यांनी सांगितलं. मी घरी रिपोर्ट दाखवला. नवऱ्यानं मामांना फोन लावला. "हे नवीन फॅड आहे," मामा हसून म्हणाले. मग मुलीला कोण सांभाळणार, डबे कोण करणार, असले प्रश्न निघाले आणि विषय संपला. त्या दिवशी मी ठरवलं की आता यांचाच नियम यांना पाळून दाखवायचा.

कारण नियमात एक सोय होती. पहिले चार दिवस दोन्ही बंद, पण पाचव्या दिवसापासून देवघर बंद असलं तरी स्वयंपाकघर चालायचं. डबे भरायला माझा डाग आड येत नव्हता.

त्या वर्षी गौरीपूजन माझ्या नवव्या दिवशी आलं. पुरणपोळ्या, सोळा भाज्या, जेवायला तीस माणसं. सासूबाईंचे गुडघे कधीच गेलेले. सकाळी त्या दारात येऊन म्हणाल्या, "डोक्यावरून न्हाऊन घे आणि ये. एवढं चालतं."

"नाही आई," मी म्हटलं. "डाग आहे."

"अगं हळू बोल."

मी मुळीच हळू बोलले नाही. बेडरूमचं दार सताड उघडं ठेवून पलंगावर बसले. ज्या ज्या बाईनं येऊन "काय गं, इथे का?" विचारलं तिला सगळं सांगितलं. सिझेरियन कुणी केलं, किती वर्षं गोळ्या खाल्ल्या, स्क्रीनवर काय दिसलं. पुरणपोळ्या दुकानातून आल्या. सासूबाई सुजलेल्या गुडघ्यांवर उभ्या राहून भाज्या फोडणीला टाकत होत्या. मामा जेवायला बसले तेव्हा शेजारच्या आजींनी सगळ्यांदेखत त्यांना विचारलं, "अहो डॉक्टर, मग तुम्ही का नाही बघितलंत आतून?" मामांनी वाढणाऱ्याला हाक मारून आणखी भाजी मागितली. मला मजा आली. खोटं कशाला बोलू?

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सासूबाई स्वतःच म्हणाल्या, "ते काय ते ऑपरेशन करून टाक बाई. पोरीला मी बघते." महिन्याभरात ते झालंही. संध्याकाळी मी रिक्षातून घरी आले आणि तीन वर्षांत पहिल्यांदा गाढ झोपले.

पुढची पाळी आली आणि चौथ्या दिवशी थांबली. पाचव्या दिवशी मी चार वेळा बाथरूममध्ये जाऊन बघितलं. एक ठिपकाही नव्हता. आरशासमोर उभी राहून मी रडले.

नियमातली ती सोय मी गौरीपासून बंद केली आहे. आता डाग म्हणजे स्वयंपाकघरही नाही. सहाव्या दिवशी सासूबाई पीठ लागलेल्या हातांनी दारात आल्या.

"थांबलं का गं?"

"नाही अजून," मी म्हटलं. "डॉक्टर म्हणाल्यात, वेळ लागतो."

त्या कमरेवर हात ठेवून परत पोळ्या लाटायला गेल्या. त्यांचे गुडघे दुखतात हे मला दिसतं. छत्तीस पाळ्या मी बाजूला बसून काढल्या. त्यांच्या आत्ता कुठे सुरू झाल्यात.