कुंकू लागलेली सही

जुन्या पुस्तकांचा माझा धंदा डहाणूत चालतो हे ऐकून लोक आधी हसतात. हसू देत. नरपडच्या वाड्यांमधल्या बंगल्यांत चिकूइतकीच पुस्तकंही पिकली होती, एवढं त्यांना ठाऊक नसतं. वाडी विकली गेली की कपाटं रिकामी होतात आणि मला बोलावणं येतं. अशाच एका कपाटात मला अंतराळवीरांनी सही केलेली दोन पुस्तकं मिळाली आणि मी त्या नादाला लागलो. दोन्ही सह्या दिसायला सारख्याच झोकदार होत्या. पण एक हाताची होती आणि दुसरी पुस्तकाबरोबरच छापलेली. तेव्हापासून या सह्यांच्या बाबतीत मी जरा जास्तच खडूस झालो.

त्यातला पहिला नियम म्हणजे सहीला उघडं बोट लावायचं नाही. पान कडेला धरायचं, भिंग घ्यायचं आणि श्वाससुद्धा बेताने सोडायचा. घरी बायको म्हणायची, एवढं जपून तुम्ही मला कधी चहाचा कप दिला नाहीत.

मंगळाभोवती आपलं यान फिरू लागलं, त्या वर्षीची गोष्ट. दसरा तोंडावर आला होता. सायवनच्या पलीकडे एका पाड्यावरच्या शाळेत शिकवणाऱ्या बाईंचा फोन आला. माझ्याकडून त्या मुलांसाठी गोष्टींची पुस्तकं नेत आणि भाव करताना मला घाम फोडत. त्यांच्याकडे अंतराळवीराच्या सहीचं एक पुस्तक आहे, ते येऊन बघा म्हणाल्या. इतकी वर्षं हे माझ्यापासून लपवलंत, म्हणून मी लटका रागावलो आणि दुसऱ्या दिवशी एसटीने निघालो.

शाळेत मुलं फरशीवर पाट्या धूत बसली होती. पाटीपूजनाची तयारी चालली होती. बाईंनी कपाटातून पुस्तक काढलं, त्यावरचं फडकं सोडलं, पहिलं पान उघडलं आणि मी कपाळावर हात मारला. सहीच्या अंगावर कुंकू. एक बोट नाही, दरवर्षीचं एकेक, चांगलं ओलं करून लावलेलं. कडेला हळद होती. पानाच्या घडीत अक्षता अडकल्या होत्या.

बाईंना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढायची, ती पाटावर मांडायची, पाटाशेजारी हे पुस्तक उघडून ठेवायचं, दोघांना कुंकू लावायचं आणि मग प्रत्येक मुलाने सहीला बोट लावून ते कपाळाला लावायचं, अशी त्या शाळेची रीत होती. हा हात पृथ्वीच्या बाहेर जाऊन आलाय, असं बाई मुलांना सांगत. ज्यांच्या आईबापांनी सुरतेपलीकडचं जग पाहिलं नव्हतं, ती मुलं त्या सहीपुढे रांग लावत.

मी किमतीचं बोलू लागलो. डाग पडलेल्या पानाला घेणारे कसे नाकं मुरडतात ते सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "भाऊ, किंमत राहू द्या. सही खरी आहे का, तेवढं सांगा."

मग सगळं कळलं. चार दिवसांपूर्वी यानाची माहिती द्यायला शहरातून एक पाहुणे आले होते. त्यांनी पुस्तक चाळलं आणि सगळ्या वर्गासमोर सांगून टाकलं, की अशा सह्या छापलेल्याच असतात. बाईंच्या दिरांनी परदेशातून येताना जुन्या पुस्तकांच्या दुकानातून ते आणलं होतं. सही होताना पाहिलेलं कोणीच नव्हतं. त्या दिवसापासून मुलं बाईंना काही विचारत नव्हती, आणि तेच त्यांना जास्त लागलं होतं. या वर्षी पुस्तक पाटाशेजारी ठेवायचं की नाही, हे त्यांचं ठरत नव्हतं.

मला त्यांची काळजी वाटली. मी म्हटलं, "बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची. कशाला उघडताय?"

"मूठ झाकून मुलांना कसं शिकवू?" त्या म्हणाल्या.

मी पुस्तक खिडकीशी नेलं. मनातून मीच देवाला हात जोडत होतो, आणि हे माझ्या धंद्याला शोभणारं नाही. भिंगातून पाहिलं. सही पहिल्या अक्षराशी दाबून सुरू झाली होती आणि मध्येच थबकली होती. तिथे शाई साचून पानाच्या मागे उतरली होती. सही करणारी यंत्रंही असतात, पण यंत्राचा हात असा थबकत नाही. मग मी कुंकवाच्या डागांकडे वळलो, ज्यांच्यावर मघाशी एवढा चिडलो होतो. जिथे जिथे ओलं बोट टेकलं होतं, तिथे निळी शाई फुटून लालात मिसळली होती. पण खालची छापील अक्षरं त्याच कुंकवाखाली जशीच्या तशी होती. छापलेली सही अशी फुटली नसती. बाईंनी इतकी वर्षं किंमत घालवता घालवता पुरावा तयार करून ठेवला होता.

मी सांगितलं तेव्हा बाई पदराने चष्मा पुसत राहिल्या. मग मला हाताला धरून मुलांपुढे उभं केलं आणि म्हणाल्या, आता हे तुम्हीच सांगा.

कोणत्याही पुस्तकाबद्दल सांगताना मी 'माझ्या मते' हे शब्द पुढे जोडतो. वाद झालाच तर बरं पडतं. त्या दिवशी ते जोडले नाहीत. म्हटलं, ही सही खरी आहे, पेनाने आणि हाताने केलेली आहे. भिंग मुलांच्या हाती दिलं. फुटलेली शाई पाहायला एकमेकांच्या डोक्यांवर डोकी आली आणि चार दिवस गप्प असलेला वर्ग एकदम बोलू लागला. तो माणूस वर जेवायचा काय, असं एकाने मला विचारलं. हे मला कुठून ठाऊक असणार?

पाटीपूजनाला मला जावंच लागलं. कुंकू या वेळी कोरडं आणि पानाच्या कोपऱ्यात, एवढं मी बाईंकडून कबूल करून घेतलं होतं. पुस्तक पाटाशेजारी उघडं होतं. मुलं एकेक करून आली, सहीला बोट लावून कपाळाला लावून गेली. मी जीव मुठीत धरून ती बोटं पाहत होतो.

रांग संपली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, तुम्ही राहिलात."

मी बोट जाड रुमालाला पुसलं, वाकलो आणि त्या सहीवर टेकवलं. मग कपाळाला लावलं.