उल्कांची तोंडी नोंद

समस्त खगोलप्रेमींस कळविण्यात येते की, आमच्या गावच्या उल्कावर्षावाची अधिकृत नोंद तोंडी झालेली आहे. तुरीच्या भाजक्या शेंगांचा वास आला की ती रात्र आठवते. क्वचितच बरसणारा हा वर्षाव यंदा दिसणारच, असं मी गावभर छातीठोक सांगितलं होतं; चुकलो असतो तर सकाळी टपरीवर माझी वरात निघाली असती. शेतात बाजेवर पाठीला पाठ लावून बसलो. बायकोला पूर्व दिली, पश्चिम मी घेतली. तासभर माझ्याकडे काहीच पडलं नाही, तरी मी हटलो नाही. मागे तिची मात्र सारखी थू-थू चाललेली. “काय वं, चिलटं गेले का तोंडात?” “तारा तुटला का थुकावं लागते, पाहू नाई त्याच्याकडं.” “म्हणजे पडले! किती?” माझ्या वहीत आजही आकड्याच्या जागी तिचंच उत्तर आहे: “मोजू कायले? तोंड कोरडं पडलं माह्यं!”