मंगळवारचा नंबर

आई गेल्या उन्हाळ्यात एका बुधवारी सकाळी वारली. आदल्या दिवशी तिचं डायलिसिस झालं नव्हतं.

तिच्या दोन्ही किडन्या निकामी होत्या. मंगळवारी आणि शुक्रवारी आम्ही भूमहून एसटीनं धाराशिवला जायचो. केळी तिला बंद होती. त्यातलं पोटॅशियम अंगात साठलं की हृदय थांबू शकतं. पण पेशंटांची आपसात एक रीत होती: जे बंद आहे ते मशीनला लागायच्या आधी खाऊन घ्यायचं, मशीन ते काढून टाकतं. डॉक्टर रागवायचे. तरी येडशीला गाडी थांबली की आई खिडकीतून दोन केळी घ्यायची. त्या मंगळवारीही घेतली आणि खाल्ली.

डायलिसिस केंद्रात दोनपैकी एक मशीन बिघडलं होतं. चालू मशीनवर त्या दिवसाचा शेवटचा नंबर आईचा होता. शेजारी विशीतली एक मुलगी धापा टाकत बसली होती. तिचं तान्हं बाळ सासूच्या मांडीवर रडत होतं.

"हिला घ्या," आई तंत्रज्ञाला म्हणाली.

"नगं मावशी, तुमचा नंबर हाय," मुलगी म्हणाली.

"गप बस. तुझं लेकरू मांडीवर हाय. माझं बघ," आईनं माझ्याकडं हात केला, "मिशा पिकल्या त्याच्या."

सासू हसली.

"आई, शुक्रवारपासून झालं न्हाय तुझं," मी म्हणालो.

"उद्या येऊ की. एसटी काय पळून चालली व्हय?"

दुसरं मशीन उद्या सकाळी सुरू होईल, असं तंत्रज्ञानं सांगितलं. मुलीला मशीनला लावलं. केळ्यांचा विषय निघाला नाही. नंबर देताना आईला ती केळी आठवली होती का, हे मला कळलेलं नाही.

बुधवारी उजाडताना तिला उभं राहता येईना. "पायात जीवच न्हाय रं," म्हणाली. मी शेजाऱ्यांची जीप आणली. भूमच्या डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला.

"काल काय खाल्लं?"

"केळी."

"नंतर मशीनला लावलं ना?"

"नाही."

त्यांनी इंजेक्शन दिलं. थांबू नका, धाराशिवला न्या, म्हणाले.

जीपमध्ये तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. जीप चालवणाऱ्या शेजाऱ्यांना मी सारखा म्हणत होतो, दादा, गाडी दाबा जरा.

"पोरीचं झालं का रं काल?" तिनं विचारलं.

"झालं."

त्यानंतर ती बोलली नाही. येडशीच्या अलीकडे श्वास थांबला. धाराशिव येईपर्यंत मी तिची छाती दाबत राहिलो. रुग्णालयात डॉक्टरांनी ती गेल्याचं सांगितलं.

थोड्या वेळानं केंद्रातून फोन आला. दुसरं मशीन सुरू झालं होतं. तंत्रज्ञ विचारत होता, मावशी कुठवर आल्या.