सेंट मालोची भरती आणि निखिलचं घड्याळ

मंडळी, बूट अजून ओले आहेत आणि माझा राग ओसरलेला नाही, म्हणून आत्ताच लिहितेय.

वीकेंडला मी आणि नवरा निखिल इंग्लंडमधल्या वॉटफर्डहून फ्रान्सच्या सेंट मालोला आलोय. सकाळी गावाच्या तटबंदीवर फिरलो, मग ओहोटीत उघड्या पडणाऱ्या दगडी वाटेने समोरच्या बेटावर गेलो. परतायची शेवटची वेळ किनाऱ्यावरच्या बोर्डवर होती. फोटो काढून काढून माझा फोन बंद पडलेला.

"चल ना आता."

"तासभर आहे गं अजून," निखिल घड्याळ बघून म्हणाला.

त्याचं घड्याळ कायम भारताच्या वेळेवर असतं. त्यातून साडेचार तास वजा करून यूकेची वेळ काढायची त्याला इतकी सवय, की फ्रान्स एक तास पुढे आहे हे तो विसरलाच!

वळून पाहिलं तर वाटेवर पाणी. गुडघाभर पाण्यातून, हात घट्ट धरून आलो. मध्येच मी घसरले. त्याने मला सावरलं.

किनाऱ्यावर पोचताच मी ओरडले, "आधी ते घड्याळ बदल!"

त्याने वेळ बदलायला घड्याळाची चावी ओढली आणि तसाच थांबला. "तिकडे भारतात आई झोपायच्या आत रोज फोन करायचा असतो गं."

मी म्हटलं, "राहू दे. तू आईची वेळ बघ, समुद्राची मी बघते."

तुमच्या घरी कोणाचं घड्याळ अजून तिकडेच आहे? आणि भरतीकडे लक्ष कोण ठेवतं?