साहेबाची कुत्री, दिघीचं बाळंतपण

त्या तपासाची आठवण आली की आजही मी एकटाच हसत बसतो. पन्नासच्या दशकातली गोष्ट. पिंपरीच्या माळावर नवा कारखाना उभा राहत होता आणि मी ठाण्यात नवा फौजदार होतो. कारखान्याचा इंग्रज इंजिनिअर रजेवरून परतला, तर बंगल्यातली त्याची लाडकी कुत्री गायब, गालिचाही गायब. संशय बंगल्याच्या पहारेकऱ्यावर, तो जवळच्याच दिघी गावचा. साहेब लालबुंद होऊन सांगत होता, "जाताना मी त्याला बजावलं होतं, लुक आफ्टर हर!"

शाळेत मास्तरांनी हे क्रियापद आमच्याकडून घोकून घेतलं होतं. लुक म्हणजे पाहणे, आफ्टर म्हणजे नंतर. पण दोघं जोडीने आले की अर्थ होतो सांभाळणे. कारखान्याच्या कारकुनाने पहारेकऱ्यालाही तोच अर्थ सांगितला होता. तेव्हा अर्थाबद्दल कोणाचाच वाद नव्हता.

पहारेकऱ्याला चौकशीला बसवलं. गुन्हा दाखल झाला की नोकरी गेलीच, हेही सुनावलं. बिचाऱ्याला घाम फुटला, पण तो बधेना.

"सायेब, ती खुशाल हाय. उद्या सांजच्याला समदं सांगतो. आज इचारू नका."

मुद्देमालाची खुशाली कळवणारा चोर मी पहिल्यांदाच पाहत होतो.

तेवढ्यात हवालदार खबर घेऊन आला. पहारेकऱ्याच्या बायकोने वाण्याकडून डिंक, ओवा, बाळंतशोपा नेल्या होत्या, आणि घरात तर बाळंतीण कोणीच नव्हती. मी साहेबाला विचारलं, "कुत्रीला दिवस गेले होते का?" साहेब चपापला. होते म्हणाला, पण अजून अवकाश आहे असं त्याला वाटलं होतं.

जीप काढली. दिघीला पहारेकऱ्याची बायको दारातच आडवी आली.

"हातपाय धुतल्याबिगर आत यायचं न्हाई. बाळंतीण हाय!"

साहेबाने मुकाट्याने बूट काढले. आतल्या खोलीत त्याच गालिच्यावर कुत्री ऐसपैस पहुडली होती, पोटाशी पिल्लं, कोपऱ्यात ओव्याची धुरी.

"रिकाम्या बंगल्यात बाळंतिणीला एकटी ठिवायची व्हय?" बाईंनी मलाच विचारलं. "उद्या पाचवी. तवर भाईर सांगायचं न्हाई, नजर लागती. मीच शपथ घातली हुती यांना."

मी साहेबाला इंग्रजीत समजावलं. तो जमिनीवरच बसला, पिल्लांकडे बघत राहिला आणि डोळे पुसू लागला. फिर्याद तिथेच मागे घेतली. दुसऱ्या दिवशी पाचवीला पेढे घेऊन हजर! मला तर इतका आनंद झाला की ठाण्यातही पेढे वाटले.

माणूस गप्प आहे म्हणून चोर ठरत नाही, हे मी तिथे शिकलो. चौकशीत तोंड उघडत नसेल, तर त्याच्या घरात काय शिजतंय ते आधी पाहावं.

पुढच्या वर्षी कुत्रीला पुन्हा दिवस गेले. या वेळी साहेबाने कोणाला काही बजावलं नाही. तिला जीपमध्ये घालून स्वतःच दिघीला माहेरी नेलं, आणि कोणी सांगण्याआधी दारात हातपाय धुतले.