तिच्या आईला दाखवायचा फोटो

मित्रांनो, माझं सगळं बदललं ते आज दुपारी माझ्या रनाळ्याच्या मैत्रिणीचा मेसेज आला तेव्हा. ‘उद्या मला बघायला पाहुणे येताहेत. त्याआधी आईला दाखवायला तुझा एक चांगला फोटो पाठव.’

मावसभावाचा कॅमेरा पिठाच्या डब्यावर ठेवला, टायमर लावला, खिडकीकडे तोंड करून बसलो. आत आई मिरच्या कुटत होती. ठसक्यानं प्रत्येक फोटोत डोळे लालभडक, जणू पिऊन बसलोय.

मी आईवर ओरडलो, "कुटणं थांबव, तिच्या आईला फोटो पाठवायचाय."

आई शांतपणे म्हणाली, "फोटो कसाले? थोबाडच दखाडी ये ना मंग."

तुम्हीच सांगा, आईनंच तोंड दाखवून ये म्हटल्यावर घरात बसवलं असतं? तोंड धुतलं, गाडीची किल्ली घेतली. "रनाळ्याला जातो," म्हणालो आणि बाहेर पडून दार ओढून घेतलं.