कुमुदताई : आधी नावं, मग नाच

कुमुदताईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या गावी, कासूला, घरच्या खळ्यात. तेव्हा मी दहावीत होते. ताई गावात कुणाच्या तरी हळदीला आल्या होत्या आणि हळद सोडून आमच्या कुंपणापाशी उभ्या राहून आईला वाल पाखडताना बघत होत्या. बऱ्याच वेळाने आत आल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, सूप खाली ठेवा आणि आता पाखडा."

"सुपाबिगर काय पाखडू बाई? वारा?"

"वाराच पाखडा."

एवढ्या शिकलेल्या बाईला नाही कसं म्हणायचं, म्हणून आईने रिकाम्या हातांनी पाखडून दाखवलं. ताई समोर उभ्या राहून तसंच करू लागल्या. कंबर कुठे थांबते, मान कधी वळते, फुंकर कधी सुटते, हे पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या. आपण करतो त्यात नाच आहे, हे आईला काही पटलं नाही. मला मात्र पटलं आणि मी रोह्याला ताईंकडे नाच शिकायला जाऊ लागले.

आज आधुनिक नृत्य म्हटलं की पेण-रोह्यात कुणी दचकत नाही. तेव्हा दचकत. रोह्यातल्या पहिल्या प्रयोगाला ना घुंगरू ना गाणं. सहा जणी अनवाणी, आणि ऐकू येणार फक्त श्वास. मागून कुणीतरी ओरडलं, "पेटी-तबला वाटेत कोलाडला उतरला काय?" सगळे हसले. ताई विंगेतून पुढे आल्या, हात जोडून म्हणाल्या, "येतोय मागून. तोवर हे बघून घ्या." आणि लोकांनी शेवटपर्यंत बघितलं.

आमच्या घरी 'पोरगी नाचायला जाते' यावरून बरंच रामायण झालं. ताई दर रविवारी तालमीनंतर मला स्वतः रेल्वेने कासूला आणून सोडत, बाबांबरोबर चहा घेत आणि नाचाबद्दल अवाक्षर न काढता भाताच्या बियाण्यावर गप्पा मारत. वर्षभराने बाबाच मला विचारू लागले, "आज तालीम नाय काय?"

ताईंचा एक नेम आजही चुकत नाही. प्रयोगाआधी त्या माईकपुढे येतात आणि ज्यांच्या हालचालींवरून तो नाच बसवला, त्यांची नावं वाचतात. 'पाखडण' ही त्यांची सगळ्यात गाजलेली रचना. तिच्या पहिल्या प्रयोगाला हिराबाई हे आईचं नाव माईकवरून ऐकू आलं तेव्हा आईने पदरात तोंड लपवलं. दुसऱ्या दिवशी मात्र ते सांगायला तिने गावातलं एक घर सोडलं नाही. हालचाल आईची, रचना ताईंची, नाचणारी मी.

आता सांगायचं ते गौरवलेखात शोभणारं नाही, पण ते टाळून ताईंबद्दल लिहिणं मला जमणार नाही. पेणला शिक्षिका म्हणून लागल्यावर मी एका नृत्यस्पर्धेत उतरले. रचना स्वतःची हवी, अशी अट होती. मी 'पाखडण' नाचले आणि अर्जावर रचनाकार म्हणून माझं नाव लिहिलं. दोन-चार जागा बदलल्या होत्या, तेवढ्यावर मनाची समजूत घातली. घरी भाताची झोडणी चालू होती, त्यामुळे आई येणार नव्हती. पहिलं बक्षीस मिळालं, माईकवरून रचनाकार म्हणूनही माझंच नाव पुकारलं गेलं. बक्षीस घेऊन वळले, तर तिसऱ्या रांगेत ताई.

कार्यक्रम संपल्यावर त्या आत, रंगपटात आल्या.

"उजवीकडे वळताना श्वास आधी सोडतेस गो," त्या म्हणाल्या. "वळून झाल्यावर सोड." आणि तिथेच, खुर्च्यांच्या गर्दीत, करून दाखवलं.

मी रडायला लागले. माझ्या पाठीवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "माझं नाव राहिलं तर राहू दे. माझं पुष्कळदा छापून येतं. आईचं कसं गाळलंस?"

बक्षीस परत करण्याचं धैर्य मला झालं नाही, याची लाज आजही वाटते. पुढच्या रविवारी ताईंचा निरोप आला, तालमीला ये. मी गेले. त्यांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

अमृतमहोत्सवाच्या या ग्रंथासाठी लेख मागितला गेला तेव्हा मी ताईंना म्हटलं, मी हे सगळं लिहिणार. त्या म्हणाल्या, "लिही. पण आधी आईला वाचून दाखव. दुसऱ्या कुणाकडून तिला कळायला नको."

गेल्या आठवड्यात कासूला जाऊन आईला इथवर वाचून दाखवलं. ती ओटीवर बसून ऐकत होती. संपल्यावर तिने एवढंच विचारलं,

"बाईंना ठावं व्हतं? इतकी वर्सं?"

"हो."

"दरसाल हितं येतात, माज्याजवळ बसतात. येका शब्दानं बोलल्या नायत." तिने डोळे पुसले. मग माझ्याकडे वळली. "बाईंना सांग, शंभर वर्सं जगा म्हनावं. आनि पुडच्या खेळाला माजं नाव बाई नाय वाचनार. तू वाचशील. सगळ्यांच्या समोर."

ताई, आईचा निरोप जसाच्या तसा पोचवते आहे. तुम्हांला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभावं, हे तुमच्या सगळ्या परिवाराचं मागणं आहेच. माझं आणखी एक आहे. पुढच्या प्रयोगाला तुम्ही आईशेजारी बसा आणि तेवढा एक दिवस माईक मला द्या.